पाण्याकांठचा मुक्काम

सुटीचे चार दिवस मुलांबाळांसह शहराबाहेर, एखाद्या तळ्याच्या अथवा नदीच्या कांठीं तंबूंत घालवावे, ही हौस अलीकडे मराठी कुटुंबांत पुष्कळ वाढली आहे. मावळांत पवना धरणाच्या जलाशयाभोंवतीं, तसेंच अकोले तालुक्यांत भंडारदऱ्याच्या परिसरांत, हिंवाळ्यांत तंबूंच्या रांगाच उभ्या राहतात. ज्या मोटारींतच निजण्याची व स्वयंपाकाची सोय असते अशा कॅरव्हॅनमधून हिंडणारीं कुटुंबेंही दिसूं लागलीं असून, अशा प्रवासास उत्तेजन देण्यासाठीं महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं स्वतंत्र धोरण ठरविलें. मुक्कामाची जागा निवडतांना बहुधा तीन गोष्टी पाहिल्या जातात: देखावा, भाडें आणि जेवणाची सोय. या गोष्टी पाहूं नयेत असें नव्हे. परंतु त्यांच्याही आधीं एक प्रश्न विचारावयास हवा. पाणी आज कोठें आहे हें सर्वांस दिसतें. तें कोठपर्यंत येऊं शकतें?

या प्रश्नाचें उत्तर तळ्याचें वेगळें आणि नदीचें वेगळें. प्रथम तळ्याचा विचार करणें सोयीचें. सह्याद्रीच्या खोऱ्यांतील मोठे जलाशय बहुतेक माणसानें बांधलेले आहेत. भंडारदऱ्याचा जलाशय प्रवरा नदीवर १९२६ सालीं पुऱ्या झालेल्या विल्सन धरणामुळें निर्माण झाला. मुळशीच्या धरणाखालीं खोऱ्यांतील गांवें व भातखाचरें जाणार म्हणून १९२१ सालीं जो सत्याग्रह सुरू झाला, त्यांतील सेनापति बापट यांचें नांव महाराष्ट्रास परिचित आहेच. सांगावयाचें तें इतकेंच कीं, अशा जलाशयाचा तळ म्हणजे समुद्राकांठची सपाट पुळण नव्हे. तेथें जुने बांध, खाचरांच्या पायऱ्या, झाडांचे बुंधे आणि दरीचे उतार असतात, आणि वर गाळाचा थर बसलेला असतो. गुडघाभर पाण्यांत खेळणारें मूल पुढच्याच पावलास डोक्यावरच्या पाण्यांत जातें, तें यामुळेंच. आणि पोहणाऱ्याचाही पाय गाळांत रुतला म्हणजे त्याची कला कामास येत नाहीं. ज्या कुटुंबांत लहान मुलें आहेत त्यांनीं तंबू अगदीं पाण्याच्या कडेस घेऊं नये, आणि होडींत बसतांना प्रत्येकाच्या अंगावर तरंगतें जाकीट असल्यावांचून पाय ठेवूं नये.

शिवाय धरणाचें पाणी वर्षभर एका पातळीस राहत नाहीं. पावसाळ्याच्या अखेरीस जलाशय भरतो. पुढें शेतीसाठीं व शहरांसाठीं पाणी सोडलें जातें तसतसा तो उन्हाळ्यापर्यंत ओसरत जातो. ओसरलेल्या भागांत मऊ, सपाट, गवताळ जमीन उघडी पडते व तंबूस तीच उत्तम वाटते. परंतु ती जमीन जलाशयाची होय. भरलेल्या पाण्याची रेघ कांठच्या खडकांवर स्पष्ट दिसते. मुक्कामाची जागा त्या रेघेच्या बरीच वर असावी.

नदीचें व ओढ्याचें गणित याहून कठीण आहे. येथें पाण्याची वाढ डोक्यावरील आकाश पाहून कळत नाहीं. वरच्या डोंगरांत पाऊस पडला कीं खालीं ऊन असतांनाही ओढा फुगतो. धरणाच्या खालच्या बाजूस तर पावसाचा थेंब नसतांनाही दारें उघडल्यानें पाणी चढतें; म्हणून तेथें उतरणाऱ्यांनीं पाणी सोडण्याची सूचना कशी देतात, हें गांवांत विचारून ठेवावें. ३० जून २०२४ रोजीं लोणावळ्यास भुशी धरणामागील धबधब्यांत एकाच कुटुंबांतील पांच जण वाहून गेले. त्यांत लहान मुलें होतीं. तीं माणसें प्रवाहांतील खडकावर उभीं असतां पाणी वाढलें, आणि कांठ नजरेसमोर असूनही गांठतां आला नाहीं.

तंबूंच्या तळाविषयींचा सर्वांत बोलका दाखला मात्र स्पेन देशांतील आहे. पिरेनीज पर्वतांत बिएस्कास या गांवाजवळ लास निएवेस नांवाचा तळ होता. तो चोरूनमारून चालविलेला नव्हता. त्यास रीतसर परवानगी होती. परंतु ज्या जमिनीवर तो होता, ती आरास नांवाच्या ओढ्यानेंच युगानुयुगें दगडगोटे आणून डोंगराच्या पायथ्याशीं पंख्यासारखी पसरलेली होती. ओढ्यास आवर घालण्यासाठीं वर लहान लहान बांध घातले होते. ७ ऑगस्ट १९९६ रोजीं सायंकाळीं डोंगरांत प्रचंड पाऊस झाला, बांध फुटले, आणि ओढा आपल्या जुन्या वाटेनें खालीं आला. ८७ माणसें मृत्यु पावलीं. पुढें २००५ सालीं न्यायालयानें शासनास भरपाईसाठीं जबाबदार धरलें. तथापि गेलेलीं माणसें त्यामुळें परत येणार नव्हतीं. परवान्याचा कागद पाहून जमिनीची परीक्षा होत नाहीं, हा यांतील बोध आहे.

ही परीक्षा करण्यास विद्वत्ता लागत नाहीं. झाडांच्या फांद्यांत उंचावर अडकलेला काडीकचरा, एकाच दिशेस कललेलीं झुडुपें, गोल गुळगुळीत गोटे, वाळूचा ताजा थर, यांपैकीं एकही खूण दिसली तर पाणी तेथें येऊन गेलें आहे असें समजावें. आणि तळाच्या मालकाखेरीज गांवांतील एखाद्या वयस्कर माणसास पूर कोठवर आला होता, हें अवश्य विचारावें. तो झाड किंवा देऊळ बोटानें दाखवील, आणि त्या उत्तराइतकें भरंवशाचें दुसरें कांहीं नाहीं.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे रात्रीं वर जाण्याची वाट. ४ जुलै २०२५ रोजीं अमेरिकेंतील टेक्सास प्रांतीं ग्वादालूप नदी उजाडण्यापूर्वीच पाऊण तासांत सुमारें २६ फूट चढली. त्या महापुरांत १३० हून अधिक माणसें दगावलीं, आणि त्यांत नदीकांठच्या शिबिरांत निजलेल्या लहान मुलीही होत्या. अशा वेळीं सामान आवरण्यास अवसर नसतो. मोटारींत बसून पाण्यांतून निघून जाऊं, ही समजूतही घातक आहे. फूटभर वाहतें पाणी लहान मोटारीस तरंगवितें आणि दोन फूट पाणी बहुतेक मोटारींस वाहून नेतें. कॅरव्हॅन उंच जागीं, रस्त्याकडे तोंड करून उभी करावी. परंतु भरंवसा पायवाटेवर ठेवावा.

जागा या कसोटीस उतरली म्हणजे मग सुखसोयींकडे वळावें. अगदीं खोलगट जागेंत हिंवाळ्यांत थंड हवा साचते आणि उघड्या टेकाडावर वारा तंबू उखडतो. म्हणून मधला उतार बरा. वाळलेल्या फांद्यांखालीं तंबू ठोकूं नये. शौचाची जागा पाण्यापासून निदान २०० फूट दूर असावी, आणि तळ्याचें पाणी कितीही नितळ दिसलें तरी उकळल्याखेरीज पिऊं नये. थंडी वाजते म्हणून पेटती शेगडी अथवा निखारे तंबूंत घेणें हें तर प्राणावर बेतणारें आहे. कोळशापासून निघणाऱ्या विषारी वायूस रंग नाहीं, वास नाहीं, आणि निजलेला मनुष्य त्यानें जागा होत नाहीं.

यासाठीं मुक्कामावर दिवसाउजेडीं पोहोंचावें. चहा होण्यापूर्वीं घरांतील कर्त्या माणसानें मुलांस बरोबर घेऊन तंबूपासून उंच जागेपर्यंतची वाट एकदां चालून दाखवावी. मुलांस तो खेळ वाटेल, आणि वाटावाच. ती वाट न सांपडल्यास दुसरा तळ शोधावा. दिलेलें भाडें बुडालें तरी चालेल.