न सांगता शिकणारा ब्रिज

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला इथरनेटपुढे एक हट्टी अडचण उभी होती. सगळे संगणक एकाच केबलवर. एक बोलला की सगळ्यांनी ऐकायचं, आणि दोघं एकदम बोलले की दोघांचंही वाया. यंत्रं वाढली तशी टक्कर वाढली. केबल किती लांब न्यायची यालाही मर्यादा होती. अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, म्हणजे ‘डेक’मधल्या मार्क केम्फ या अभियंत्याने यावर ब्रिज बनवला. दोन केबलींच्या मध्ये बसणारी ही पेटी ‘लॅनब्रिज १००’ या नावाने बाजारात आली. आज ऑफिसच्या रॅकमध्ये लुकलुकणारा स्विच हा तिचाच जास्त पोर्टांचा वंशज.

या पेटीची खरी नवलाई अशी की तिला काहीच सांगावं लागत नाही. नव्या गावात बदली झालेल्या पोस्टमनला पत्त्यांची यादी कुणी दिली नाही, तर तो काय करील? कुठल्या आळीतल्या पेटीत कुणाची पत्रं पडतात ते बघेल, पाठवणाऱ्याचं नाव वाचेल आणि कोण कुठे राहतो ते लक्षात ठेवील. ब्रिज तेच करतो. आलेल्या प्रत्येक फ्रेमवरचा, म्हणजे डेटाच्या पाकिटावरचा, पाठवणाऱ्याचा ४८ बिटांचा मॅक पत्ता तो वाचतो आणि हा पत्ता अमुक पोर्टवर आहे अशी नोंद तक्त्यात करतो. मग ज्याला पाठवायचं त्याचा पत्ता शोधतो. तो त्याच बाजूला असेल तर फ्रेम तिथेच अडवतो, पलीकडे असेल तर नेमक्या पोर्टने सोडतो, आणि ठाऊकच नसेल तर आली ती बाजू सोडून सगळीकडे पाठवतो. ३०० सेकंद कुणी गप्प राहिला की त्याची नोंद पुसली जाते. यंत्र उचलून दुसऱ्या खोलीत नेलं तरी तक्ता आपोआप दुरुस्त होतो.

त्यातला वेगाचा हिशोब बघण्यासारखा आहे. १० मेगाबिटच्या इथरनेटवर ६४ बाइटची सर्वांत लहान फ्रेम ५१.२ मायक्रोसेकंदांत येते. तेवढ्यात निर्णय व्हायला हवा, नाहीतर मागच्या फ्रेमी तुंबतात. केम्फच्या ब्रिजमध्ये सुमारे ८,००० पत्ते मावत. ते क्रमाने लावलेले असत. तक्ता मधोमध उघडायचा, शोधायचा पत्ता वरच्या अर्ध्यात की खालच्या ते ठरवायचं, आणि पुन्हा तेच. असे १३ वेळा अर्धे केले की उत्तर हाती. हे काम वेगळ्या सर्किटकडे सोपवलेलं होतं, म्हणून त्या काळच्या साध्या मेमरीवरही ही पेटी केबलच्या पूर्ण वेगाने चालली.

पण दोन ब्रिजांमध्ये दोन वाटा तयार झाल्या की हीच हुशारी घात करते. इंटरनेटच्या पॅकेटवर ‘आता किती टप्पे उरले’ असा आकडा असतो आणि तो शून्यावर आला की पॅकेट टाकून दिलं जातं. इथरनेटच्या फ्रेमवर असा आकडाच नाही. सर्वांसाठी निघालेली एक फ्रेम वर्तुळात सापडली की फिरतच राहते, प्रत्येक फेरीत तिच्या प्रती सगळीकडे जातात, आणि काही क्षणांत नेटवर्क भरून जातं. वाट एकच ठेवली तर ती तुटल्यावर काम बंद. दोन ठेवल्या तर हे वादळ.

हा पेच डेकमधल्याच रेडिया पर्लमन यांनी सोडवला. त्यांच्या साहेबांनी शुक्रवारी काम सांगितलं आणि आठवडाभराच्या रजेवर गेले. उत्तर आपल्याला त्याच रात्री सुचलं, असं त्या सांगतात. प्रत्येक ब्रिजने आपली ओळख जाहीर करायची; सर्वांत लहान क्रमांकाचा ब्रिज मूळ, म्हणजे रूट; बाकीच्यांनी रूटकडे जाणारी सर्वांत स्वस्त वाट धरायची आणि वर्तुळ तयार करणारी जादा पोर्टं डेटासाठी बंद ठेवायची. मधे तुटलं तर बंद पोर्टं उघडतात. १९८५ साली ‘स्पॅनिंग ट्री’ची ही पद्धत शोधनिबंधात आली आणि १९९०मध्ये आयईईई ८०२.१डी हे मानक झाली.

इथून पुढचं काम माणसाचं, आणि माझ्या मते तिथेच सर्वांत जास्त हेळसांड होते. ब्रिजचा ओळख क्रमांक प्राधान्याचा आकडा आणि मॅक पत्ता मिळून होतो. प्राधान्य कारखान्यातून सगळीकडे ३२७६८च असतं. मग ज्याचा मॅक पत्ता लहान तो रूट होतो, आणि पुष्कळदा तो कपाटातला सर्वांत जुना, सर्वांत धिमा स्विच निघतो. जाणता प्रशासक मुख्य स्विचला ४०९६ आणि त्याच्या राखीव जोडीदाराला ८१९२ देऊन ठेवतो. एवढी एक गोष्ट केली तरी अर्धं काम होतं.

नेटवर्कवर लक्ष ठेवताना पाहायचं काय, हे १९९३च्या आरएफसी १४९३ या दस्तऐवजात नेमकं लिहिलेलं आहे. एसएनएमपी ही नेटवर्कवरची यंत्रं तपासण्याची पद्धत वापरून दूरच्या खोलीतूनही ब्रिजला विचारता येतं. सध्याचा रूट कोण? रचना शेवटची कधी बदलली आणि आजवर किती वेळा? जागा नाही म्हणून किती पत्ते टाकून दिले? शेवटचा आकडा वाढू लागला तर कुणी खोट्या पत्त्यांनी तक्ता भरत असल्याची शंका घ्यावी. रचना वारंवार बदलत असेल तर एखादी केबल ढिली असते, किंवा संगणकांची साधी पोर्टं ‘एज’, म्हणजे टोकाची, म्हणून नेमलेली नसतात आणि कुणी पीसी चालू-बंद केला की सगळ्या इमारतीतले तक्ते पुसले जातात. एकच मॅक पत्ता क्षणात तिसऱ्या पोर्टवर, क्षणात नवव्यावर दिसू लागला, तर ते बहुधा लूपचंच, म्हणजे वर्तुळाचंच, लक्षण. आधी त्या दोन केबली शोधाव्यात.

दुर्लक्षाची किंमत बॉस्टनच्या बेथ इस्राएल डीकनेस मेडिकल सेंटरने मोजली. १३ नोव्हेंबर २००२ रोजी तिथल्या नेटवर्कवर अचानक प्रचंड डेटा वाहू लागला आणि स्पॅनिंग ट्री कोसळलं. त्या पद्धतीचे नेहमीचे वेळांचे आकडे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सात टप्पे धरून ठरवलेले आहेत. जोडत जोडत वाढलेल्या त्या नेटवर्कच्या एका भागात दहा झाले होते. सुमारे चार दिवस रुग्णालय कागदावर चाललं, तपासणीचे निकाल माणसांनी हातोहात पोहोचवले. माहिती विभागाचे प्रमुख जॉन हलम्का यांनी घडलं ते उघडपणे सांगितलं, हे मला फार मोलाचं वाटतं. 

मूळ पद्धतीत वाट बदलायला ३० ते ५० सेकंद लागत. २००१च्या रॅपिड आवृत्तीने ते काम काही सेकंदांवर, बरेचदा त्याहूनही कमी वेळावर आणलं. ब्रिज मात्र पेटीतून निघून सॉफ्टवेअरमध्येही शिरला आहे. लिनक्सच्या सर्व्हरवर डॉकर हे कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर बसवलं की ‘डॉकर०’ नावाचा एक ब्रिज आपोआप उभा राहतो, तोच ३०० सेकंदांचा नियम पाळतो, आणि ‘ब्रिज एफडीबी शो’ ही आज्ञा दिली की त्याचा तक्ता ओळीओळीने समोर येतो. लिनक्सच्या ब्रिजमध्ये स्पॅनिंग ट्री मुळात बंद असतं, एवढं ध्यानात ठेवावं. सर्व्हरची दोन नेटवर्क कार्डं एका ब्रिजला जोडून दोन्हींच्या केबली त्याच स्विचमध्ये घालायच्या असतील, तर केबल लावण्याआधी ते चालू करावं लागतं.