कॉफीची चव व आपली जमीन

शेंद्रा, करमाड व कुंभेफळ या बाजूस औद्योगिक वसाहतीकरितां पुष्कळांच्या जमिनी गेल्या, आणि ज्यांच्याकडे चार-पांच एकर उरले त्यांस थोड्या जागेंत अधिक मोल देणारें पीक हवें आहे. ही इच्छा रास्त आहे. याच कारणानें हल्लीं कित्येक बांधव कॉफीच्या रोपांविषयीं विचारपूस करूं लागले आहेत. रोपें विकणारा मनुष्य रोपाचे गुण सांगतो, जमिनीचे दोष सांगत नाहीं. सबब खड्डे खणण्यापूर्वीं या झाडाची प्रकृति कोणती, आणि त्याच्या बियांस, म्हणजे बुंदास, चव कशानें येते, हें वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

कॉफीचें मूळ घर हबशी देश, म्हणजे आजचा इथिओपिया. तेथील डोंगराळ अरण्यांत, उंच वृक्षांच्या सावलींत हें झुडूप आपोआप वाढतें. तेथून तें समुद्र ओलांडून येमेनांत आलें व मोखा बंदरावरून जगभर प्रसिद्धीस पावलें. बाबा बुदन नांवाच्या साधूनें सतराव्या शतकांत यात्रेहून परततांना सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरांत लाविल्या, अशी आख्यायिका आहे. त्या डोंगरांस आजही त्याचेंच नांव आहे. बाजारांत मुख्य जाती दोन. अरेबिका ही चवीनें नाजूक, किंमतीनें चढी, पण रोगास लवकर बळी पडणारी. रोबस्टा ही काटक, अधिक कडू व अधिक उत्पन्न देणारी. अरेबिकेस १५ ते २५ अंश उष्णमान मानवतें व आपल्या देशांत ती सामान्यतः १,००० ते १,५०० मीटर उंचीवर लावितात. रोबस्टा ५०० ते १,००० मीटरवर, २० ते ३० अंशांत होते. दोहींसही पाऊस भरपूर, परंतु पाणी न तुंबणारी, कुजलेल्या पाल्यानें भरलेली व किंचित् आम्ल जमीन लागते.

महाराष्ट्रांत कॉफीचा विषय निघाला कीं चिखलदऱ्याचें नांव येतें, तें यामुळेंच. अमरावती जिल्ह्यांत मेळघाटांत, गाविलगडाच्या किल्ल्याजवळ हें ठिकाण सुमारें १,१०० मीटर उंचीवर आहे. भीमानें कीचकास मारून याच दरींत टाकिलें व कीचकदऱ्याचें चिखलदरा झालें, असें तेथील लोक सांगतात. १८२३ सालीं हैदराबादच्या फौजेंतील कॅप्टन रॉबिन्सन याच्या दृष्टीस ही जागा पडली. पुढें इंग्रजी अमलांत तेथें कॉफीचीं झुडपें लागलीं. अद्यापिही तीं तेथें आहेत, व थंड हवा खाण्यास जाणारे लोक येतांना तेथील कॉफीची भुकटी घेऊन येतात. खालीं वऱ्हाडांत वैशाखांत अंग भाजत असतां वर हवा पुष्कळ सौम्य असते. पाऊसही मैदानाहून फार अधिक. उंची, गारवा, रानाची सावली व कुजलेला पाला यांचा तेथें मेळ बसला आहे.

तथापि चिखलदऱ्याची कॉफी चिकमगळूरप्रमाणें मोठ्या व्यापाराचा माल झाली नाहीं. माझ्या मतें याचें एक कारण फुलोऱ्यांत आहे. कॉफीच्या कळ्या कोरड्या दिवसांत तयार होऊन थांबून राहतात. मार्च-एप्रिलांत सुमारें एक इंचाची सर आली, कीं आठ-दहा दिवसांत सारा मळा मोगऱ्यासारख्या वासाच्या पांढऱ्या फुलांनीं एकदम भरून जातो. पुढें कांहीं आठवड्यांनीं आणखी एक सर आली म्हणजे फळ नीट धरतें. कर्नाटकाच्या मलनाडांत या वळवाच्या सरी बहुधा येतात. सातपुड्यांत त्यांचा भरंवसा नाहीं. ज्याच्याकडे तुषारांनीं पाणी देण्याची सोय आहे त्यानें ती उणीव भरून काढावी, पण मग तो खर्च हिशोबांत धरिला पाहिजे.

आतां चवीविषयीं. थंड हवेंत फळ सावकाश पिकतें. अरेबिकेस फुलापासून आठ-नऊ महिने लागतात. जितका अवकाश अधिक, तितकी बी घट्ट व भरीव होते, आणि तिच्यांत गोडी व मधुर आंबटपणा सांठतो. घाईनें पिकविलेला आंबा व झाडावर पाडास आलेला आंबा यांतील भेद ज्यास ठाऊक आहे त्यास हें अधिक समजाविण्याचें कारण नाहीं. परंतु निसर्गानें दिलेली चव मजुराच्या हातीं असते. एकाच फांदीवरील सर्व फळें एका वेळीं पिकत नाहींत; म्हणून लाल झालेलीं तेवढींच वेंचून, तीन-चार वेळां मळ्यांतून फिरावें लागतें. हिरवें फळ आलें कीं चव तुरट, अति पिकलेलें आलें कीं आंबूस. वेंचलेलीं फळें पाण्यांत टाकितात. पोकळ असतील तीं तरंगतात, तीं काढून टाकावयाचीं. मग त्याच दिवशीं यंत्रानें साल काढून, बियांवरील बुळबुळीत थर सुटेपर्यंत त्या आंबवून स्वच्छ धुतात, व ओलावा दहा-बारा टक्क्यांवर येईपर्यंत बेतानें वाळवितात. दुसरी रीत म्हणजे फळ सालीसकट उन्हांत वाळविणें. ही स्वस्त, पण चव जड येते. पांच-सहा शेर पिकल्या फळांपासून एक शेर कोरडी बी मिळते, ही गोष्ट रोपें विकणारे सहसा सांगत नाहींत. कच्च्या बीस कॉफीचा वास नसतोच. तो भाजल्यावर उत्पन्न होतो, आणि भाजतांना वजन सुमारें सहाव्या हिश्शानें घटतें. पुढें दुकानांत तींत चिकोरीचें मूळ किती मिसळतात, हा विषय निराळा!

चवीची एक मौज येथेंच सांगतों. शिडांच्या जहाजांतून मलबारचा माल युरोपांत जाण्यास कित्येक महिने लागत, व समुद्राच्या दमट हवेनें बिया फुगून फिक्या पडत, त्यांचा आंबटपणा जाई. १८६९ सालीं सुएझचा कालवा उघडला, वाट आंखूड झाली, आणि गिऱ्हाइकांस जुनी चव मिळेना. म्हणून आजही पश्चिम किनाऱ्यावर बुंद पावसाळी वाऱ्यांत मुद्दाम पसरून तसा माल तयार करितात. एका देशांतील दोष दुसऱ्या देशांत गुण ठरला तो असा.

बेटांवरील कॉफीचा बोलबाला मोठा आहे. जमैका बेटांत १७२८ सालीं हें झाड आलें. तेथील निळ्या पर्वतांवर, धुक्यांत सावकाश पिकणारा माल लांकडी पिंपांतून जातो व फार महाग विकतो. त्या पर्वताबाहेर पिकलेल्या मालास तें नांव लावितां येत नाहीं, म्हणजे किंमत जितकी चवीची तितकीच नांवाच्या जपणुकीची आहे. मॉरिशस बेटांत, जेथें आपल्या मराठी लोकांचे वंशज पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत, फ्रेंचांनीं अठराव्या शतकांत कॉफी लाविली होती; पुढें उसानें तिला मागें सारिलें. समुद्री वादळापुढें ऊस तग धरितो, कॉफी धरीत नाहीं. आज तेथें शामारेलच्या बाजूस थोडी लागवड होते.

परंतु शेतकऱ्यानें नीट लक्षांत ठेवावी ती गोष्ट श्रीलंकेची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्रज मळेवाल्यांनीं तेथील डोंगरांवरचें रान तोडून कॉफीच कॉफी लाविली व अमाप पैसा मिळविला. १८६९ सालीं पानांच्या खालच्या बाजूस नारिंगी पुडीचे ठिपके दिसूं लागले. हा तांबेरा. एकाच जातीचीं झुडपें डोंगरामागून डोंगर लागून असल्यानें वाऱ्यास व रोगास आडवें येणारें कांहींच उरलें नव्हतें. वीस वर्षांच्या आंत तो धंदा बुडाला, आणि त्या जागीं चहा आला. चहाचा पहिला व्यापारी मळा जेम्स टेलर यानें १८६७ सालींच घातला होता, म्हणून देश तरला. आपल्या देशांतही तांबेरा आला. पण सावली राखणें, फवारणी व निवडलेल्या जाती यांच्या बळावर पीक टिकलें. बाळेहोन्नूर येथें १९२५ सालीं निघालेल्या संशोधन केंद्रानें यांत मोठें काम केलें आहे.

आतां आपल्या शिवाराकडे पाहूं. शेंद्रा हें सहाशे मीटरांच्या आंतबाहेर आहे. उन्हाळ्यांत पारा चाळीस अंशांवर जातो. वर्षाचा पाऊस सरासरीनें सातशे मिलिमीटरांच्या आसपास, तोही चार महिन्यांत. जमीन काळी, चिकण, चुनखडीयुक्त. कॉफीस हव्या असलेल्या आम्लतेच्या नेमकी उलट. अशा जमिनींत पानें पिवळीं पडतात, आणि सावली कमी पडली कीं अरेबिकेच्या बुंध्यांत पांढरा खोडकिडा शिरतो. समजा एखाद्यानें पाणी, सावली व खत यांच्या बळानें झाड जगविलेंच, तरी पहिलें पीक तिसऱ्या-चौथ्या वर्षीं, आणि त्या उष्ण हवेंत पिकलेल्या बीस डोंगरी मालाची चव येणार नाहीं. मग बाजारांत तिचा भाव कोण करणार? मोसंबी, केशर आंबा व आलें यांचे व्यापारी आपल्या दाराशीं येतात. कॉफी घेणारा व्यापारी या जिल्ह्यांत शोधावा लागेल.

म्हणून एकरभर लागवड कोणीही करूं नये, व तिच्याकरितां कर्ज तर मुळींच काढूं नये. ज्यास हौसच आहे त्यानें आंब्याच्या सावलींत, विहिरीजवळ, निचऱ्याच्या वाफ्यांत पालाखत घालून पांच-सात रोपें लावावीं. रोपें कॉफी मंडळाच्या केंद्रांतील बियांचींच घ्यावीं. अरेबिका हवी असल्यास एस. ७९५ किंवा चंद्रगिरी ही जात मागावी. तीन उन्हाळे गेल्यावर किती झाडें उभीं राहिलीं तें मोजावें, आणि लावण्यापूर्वीं मातीची तपासणी करून आम्लतेचा आंकडा कागदावर लिहून ठेवावा.