बदकांचं घर आणि खासदारांची दुसरी घरं

ब्रिटिश खासदारांच्या भत्त्यांचा घोटाळा म्हटला की अजूनही पहिल्यांदा आठवतं ते बदकांचं घर. गॉस्पोर्टचे हुजूर पक्षाचे खासदार सर पीटर विगर्स यांनी तळ्यातल्या बदकांसाठी तरंगतं घर बसवलं आणि त्याचं १,६४५ पौंडांचं बिल संसदेच्या भत्ते कार्यालयाकडे पाठवलं. मे २००९मध्ये ‘डेली टेलिग्राफ’नं ते उघड केलं आणि जगभरच्या वृत्तपत्रांना मथळा मिळाला. तेव्हापासून बहुतेकांची समजूत अशी, की ते घर जनतेच्या पैशांतून झालं.

तसं झालं नाही. कार्यालयानं ते बिल नामंजूर केलं होतं. विगर्स यांची राजकीय कारकीर्द त्यापायी संपली हे खरं. पण बदकांच्या घराचे पैसे करदात्यांनी कधी दिलेच नाहीत. याच गृहस्थांनी तीन वर्षांत बागकामापोटी तीस हजार पौंडांहून जास्त रकमेचे दावे केले होते, ते मात्र आज कुणाच्या लक्षात नाहीत. या प्रकरणाचं असंच झालं. हसू येईल अशा वस्तू ध्यानात राहिल्या आणि जिथून खरा पैसा गेला ती वाट विस्मरणात गेली.

‘खासदाराला दुसरं घर हवंच कशाला?’

रागाच्या भरात हा प्रश्न तेव्हा घरोघरी विचारला गेला. आपल्याकडे खासदाराला दिल्लीत सरकारी निवासस्थान मिळतं आणि आमदारांसाठी मुंबईत आमदार निवास असतं. ब्रिटनमध्ये सर्वसाधारण खासदारासाठी अशी सोय नाही. स्कॉटलंडचा किंवा कॉर्नवॉलचा खासदार आठवड्यातले तीन-चार दिवस वेस्टमिन्स्टरला आणि उरलेले मतदारसंघात घालवणार, तर त्याला दोन छपरं लागणारच. म्हणून १९७१ साली ‘अतिरिक्त खर्च भत्ता’ सुरू झाला. यात गैर काही नव्हतं. हा भत्ता काढून टाकला तर पदरी पैसा असलेली माणसंच निवडणुकीला उभी राहतील.

गोष्ट बिघडली ती पुढे. खासदारांचा पगार वाढवला की मतदार चिडतात, म्हणून सरकारं पगार रोखून धरत आली आणि भत्ता वाढत गेला. २००१ साली तर खासदारांनी स्वतःच मतदान करून तो एका दमात सुमारे ४२ टक्क्यांनी वाढवून घेतला. २००८-०९मध्ये त्याची कमाल मर्यादा २४,००६ पौंड होती. ब्रिटनमधला सामान्य पूर्णवेळ नोकरदार वर्षाला जेमतेम त्याहून थोडं जास्त कमवत होता, आणि खासदारांना ही रक्कम सुमारे ६३ हजार पौंडांच्या पगाराशिवाय मिळत होती. ‘हा पगाराचाच भाग आहे, पूर्ण उचलायचा,’ ही समजूत संसदेत मुरली. २००८पर्यंत २५० पौंडांखालच्या खर्चाला पावतीसुद्धा जोडावी लागत नव्हती. जेवणखाणापोटी महिन्याला ४०० पौंडांपर्यंत विनापावती मागता येत होते. दुकानदाराला, रिक्षावाल्याला, मास्तरला करखात्यापुढे पै-पैचा कागद ठेवावा लागतो. कायदे करणाऱ्यांना ती अट नव्हती.

घरसामानाच्या किमती ठरवायला कार्यालयानं जॉन लुईस या बड्या दुकानाचा आधार घेतला होता: स्वयंपाकघरासाठी १०,००० पौंड, न्हाणीघरासाठी ६,३३५, टीव्हीसाठी ७५०. ही यादी खासदारांपासूनही लपवली होती. कमाल दर कळला तर प्रत्येक जण तेवढंच मागेल, ही त्यामागची भीती. मार्च २००८मध्ये ती बाहेर आली. स्वतःच्या ग्राहकांवर एवढाच विश्वास असलेली व्यवस्था कशी चालत असेल, हे वेगळं सांगायला नको.

आता मुख्य मुद्दा. खासदार दुसरं घर विकत घ्यायचा आणि त्याच्या गृहकर्जाचं व्याज या भत्त्यातून भरलं जायचं. लंडनमधल्या घरांच्या किमती चढत होत्या. पुढे घर विकलं की फायदा खासदाराचा, व्याज मात्र जनतेनं भरलेलं. शिवाय कोणतं घर ‘दुसरं’ हे ज्याचं त्यानं ठरवायचं, आणि ते बदलताही यायचं. आज लंडनचा फ्लॅट दुसरं घर. त्याचं स्वयंपाकघर, न्हाणीघर नवं करून घेतलं की उद्या मतदारसंघातलं घर दुसरं, मग त्याची डागडुजी. ब्रिटिश पत्रकार याला ‘फ्लिपिंग’ म्हणू लागले. काहींनी तर संसदेला जे घर ‘दुसरं’ म्हणून सांगितलं तेच विकताना करखात्याला ‘मुख्य’ म्हणून दाखवलं, म्हणजे भांडवली नफ्यावरचा कर वाचला. मजूर पक्षाच्या मंत्री हेझेल ब्लिअर्स यांनी १३,३३२ पौंडांचा चेक टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर धरला, तो याच कराचा. तो भरायला त्या कायद्यानं बांधील नव्हत्या, आणि नेमकं हेच लोकांच्या जिव्हारी लागलं. गृहमंत्री जॅकी स्मिथ यांनी लंडनमधलं बहिणीचं घर मुख्य म्हणून नोंदवलं होतं, आणि नवरा-मुलं राहत होती ते रेडिचचं घर दुसरं. संसदेच्या चौकशीत तो नियमभंग ठरला. शिक्षा म्हणून त्यांना माफी मागावी लागली, पैसे परत करावे लागले नाहीत.

हे सगळं बँका बुडत असताना, हप्ते थकून लोकांची घरं जप्त होत असताना बाहेर आलं. लोकांच्या संतापाला ‘मत्सर’ म्हणणाऱ्यांनी हा काळ विसरू नये.

‘एका वृत्तपत्रानं डिस्क विकत घेतली, म्हणून फुटलं’

हे अर्धंच खरं. टेलिग्राफनं खासदारांच्या बिलांची डिस्कवर फुटलेली माहिती पैसे मोजून मिळवली. पण ती माहिती एका जागी गोळा झाली कशी? ब्रिटनचा माहिती अधिकार कायदा १ जानेवारी २००५ रोजी लागू झाला. आपलाही त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. हेदर ब्रुक या पत्रकार बाईंनी आणि आणखी दोन पत्रकारांनी खासदारांच्या बिलांचा तपशील मागितला. संसदेनं नकार दिला. २००७मध्ये संसदेलाच या कायद्यातून वगळणारं विधेयक कॉमन्स सभागृहानं मंजूरही केलं. लॉर्ड्समध्ये ते मांडायला कुणी पुढे आलं नाही म्हणून बारगळलं. फेब्रुवारी २००८मध्ये माहिती न्यायाधिकरणानं तपशील द्यायला सांगितलं, त्यावर सभागृह हायकोर्टात गेलं आणि मे महिन्यात तिथं हरलं. जानेवारी २००९मध्ये सरकारनं सूट मिळवायचा आणखी एक प्रयत्न केला, तोही सोडावा लागला. कोर्टात हरल्यामुळेच संसदेला सगळी बिलं स्कॅन करून प्रसिद्धीसाठी तयार करावी लागली, आणि त्या कामातूनच डिस्क बाहेर पडली. ब्रुकबाईंची चिकाटी नसती तर फुटायला काही उरलंच नसतं.

संसदेनं आपली अधिकृत प्रत १८ जून २००९ रोजी प्रसिद्ध केली. पानंच्या पानं काळ्या पट्ट्यांनी झाकलेली होती. सुरक्षेसाठी घरांचे पत्ते पुसले होते, आणि पत्ता पुसला की घराची अदलाबदलही दिसत नाही. एवढंच लोकांच्या हाती आलं असतं तर बागकामाच्या पावत्या दिसल्या असत्या, फ्लिपिंग दिसलं नसतं. सभापती मायकेल मार्टिन हे तपशील दडवण्याच्या बाजूनं अखेरपर्यंत उभे राहिले. १९ मे रोजी त्यांना राजीनामा जाहीर करावा लागला. १६९५नंतर सभापतीवर अशी पाळी पहिल्यांदाच आली.

‘सगळे चोर’ आणि ‘कुणालाच शिक्षा नाही’

ही दोन्ही वाक्यं एकाच तोंडून ऐकू येतात आणि दोन्ही चुकीची आहेत. चौकशीसाठी नेमलेल्या सर थॉमस लेग यांनी ७५२ आजी-माजी खासदारांचे दावे तपासले. अपिलांनंतर जवळजवळ निम्म्यांकडून सुमारे ११ लाख २० हजार पौंड परत घ्यायचे ठरले; बाकीच्यांकडे काही निघालं नाही. पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन यांनाही १२,४१५ पौंड परत करायला सांगितलं गेलं. लेग यांनी साफसफाईला वर्षाला २,००० आणि बागकामाला १,००० पौंड अशी मर्यादा मागाहून लावली. त्यावर खासदारांनी तक्रार केली आणि ती मला रास्त वाटते. नियम खेळ संपल्यावर लिहायचे नसतात.

तुरुंगात गेले ते खोटे कागद करणारे खासदार. एलियट मॉर्ले यांनी फिटलेल्या गृहकर्जाचं व्याज मागितलं, तीस हजार पौंडांहून जास्त. डेव्हिड चेटर यांनी स्वतःच्याच मालकीच्या लंडनमधल्या फ्लॅटचं भाडं मागितलं आणि त्यासाठी बनावट भाडेकरार जोडला. जिम डिव्हाइन यांनी खोटी बिलं दिली. खटला चालू नये म्हणून संसदेच्या विशेषाधिकाराची ढाल पुढे केली गेली. डिसेंबर २०१०मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती मोडीत काढली. चेटर यांना दीड वर्षाची, तर मॉर्ले आणि डिव्हाइन यांना प्रत्येकी सोळा महिन्यांची कैद झाली. एरिक इल्सली आणि पुढे डेनिस मॅकशेन हेही आत गेले. बाकीचे सुटले, कारण बहुतेकांनी जे केलं ते नियमांत बसत होतं, आणि ते नियम त्यांनीच केलेले होते. माझ्या लेखी या प्रकरणातली सर्वांत गंभीर बाब हीच.

‘नंतर काही बदललं नाही’

बदललं. जुलै २००९च्या कायद्यानं भत्त्यांचा कारभार खासदारांच्या हातून काढून ‘इप्सा’ या स्वतंत्र प्राधिकरणाकडे दिला. पुढे पगार ठरवणंही त्याच्याकडेच गेलं. गृहकर्जाचं व्याज मिळणं बंद झालं. जुन्या खासदारांना दिलेली मुदतही ऑगस्ट २०१२मध्ये संपली. आता घरभाडं किंवा हॉटेलचा खर्च मिळतो, आणि लंडनच्या खासदारांना घरासाठी काही मिळत नाही. प्रत्येक दावा वेळोवेळी जाहीर होतो.

पळवाट मात्र उरलीच. काही खासदारांनी लंडनमधलं स्वतःचं घर भाड्यानं दिलं आणि आपण दुसऱ्याच्या घरात राहून त्याचं भाडं जनतेकडून घेऊ लागले. नियमात ते बसत होतं. २०१२मध्ये इप्सानं घरमालकांची नावं जाहीर करायचं ठरवलं, तेव्हा सभापती जॉन बर्को यांनी सुरक्षेचं कारण देत विरोधाचं पत्र लिहिलं. नोव्हेंबरात इप्सानं बहुतेक नावं प्रसिद्ध केली.