कैद्यासाठी लिहिलेले पत्र

परमुलखातील हुकूमशहाला एखाद्या सामान्य माणसाने पत्र लिहावे आणि त्यामुळे तेथील तुरुंगातल्या कैद्याचा छळ थांबावा, ही कल्पना प्रथमदर्शनी भाबडी वाटते. ज्याला स्वदेशातील न्यायालये आवरू शकत नाहीत, तो कोणा अनोळखी शिक्षकाच्या चार ओळींना काय भीक घालणार? शंका रास्त आहे. तथापि अनुभव सर्वस्वी तिच्या बाजूचा नाही.

मे १९६१ मध्ये पीटर बेनेन्सन या ब्रिटिश वकिलाने लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’ पत्रात विस्मृतीत गेलेल्या कैद्यांविषयी लेख लिहिला. त्यातून ‘अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल’ ही संस्था उभी राहिली आणि पत्रलेखन हेच तिचे प्रमुख साधन ठरले. फेब्रुवारी १९७३ मध्ये ब्राझीलच्या लष्करी राजवटीने लुईझ बाझीलियो रोसी या प्राध्यापकांना साव पावलो येथे पकडले. अटकेनंतरचे पहिले काही दिवसच सर्वाधिक धोक्याचे असतात, हे ध्यानी घेऊन संस्थेने मार्चमध्ये त्यांच्यासाठी तातडीचे आवाहन काढले. अशा प्रकारचे ते पहिलेच. देशोदेशींहून पत्रे येऊ लागली. तुमचे पती आम्हांला वाटले त्यापेक्षा मोठे गृहस्थ दिसतात, असे पोलीस अधिकाऱ्याने त्यांच्या पत्नीला ऐकविले. आपले प्रकरण चव्हाट्यावर आल्यावर आता आपल्याला मारता येणार नाही हे आपण ओळखले, असे रोसी यांनी पुढे सांगितले. त्याच वर्षी ते सुटले.

येथे हुकूमशहाचे हृदयपरिवर्तन झाले, असे समजण्याचे कारण नाही. ज्यांची हयात कचेरीत गेली आहे, त्यांना यातील मर्म सांगावयास नको. आलेला कागद आवक बारनिशीत चढतो, त्यावर क्रमांक पडतो, त्याचे काय केले हे कोणीतरी कोणालातरी विचारू शकतो. छळाला नेमकी हीच नोंद नको असते. ज्या कैद्याच्या नावाचा कागदच नाही, तो नाहीसा झाला तरी कोणाला जाब द्यावा लागत नाही. दोनशे पत्रे आलेल्या कैद्याची गोष्ट निराळी.

नेहमीच असे घडते, असेही नव्हे. नायजेरियाचे लेखक केन सारो-विवा यांच्यासाठी जगभरातून विनवण्या झाल्या. तरीही १० नोव्हेंबर १९९५ रोजी त्यांना आठ सहकाऱ्यांसह फाशी देण्यात आली. निगरगट्ट राजवटीपुढे टपालाचे काही चालत नाही, हे मान्यच केले पाहिजे.

आपल्याकडे पत्राने आणखी एक वाट काढली, ती थेट न्यायालयात. पत्रकार शीला बर्से यांनी मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहातील पंधरा स्त्री-कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बर्से यांनी ते सर्वोच्च न्यायालयाला पत्राने कळविले आणि न्यायालयाने त्या पत्रासच याचिका मानले. स्त्रियांसाठी स्वतंत्र कोठड्या असाव्यात, त्यांवर स्त्री-पोलिसांचा पहारा असावा, चौकशीही स्त्री-पोलिसांच्या समक्षच व्हावी, असे आदेश फेब्रुवारी १९८३ मध्ये निघाले. ते सर्वत्र पाळले गेले काय, हा प्रश्न अर्थातच वेगळा. पण त्या पाच जणींचे म्हणणे देशाच्या कायद्याच्या दप्तरात गेले, ते एका पत्राच्या बळावर.

मात्र असे पत्र लिहिणे ही एक शिस्त आहे. कैद्याचे नाव, अटकेची तारीख, ठिकाण आणि आपली नेमकी मागणी एवढे असावे; तेही आदबीने. शिवीगाळीने लिहिणाराचे मन मोकळे होते, कैद्याच्या पदरी काहीच पडत नाही. उलट उद्दाम पत्र केराच्या टोपलीत टाकण्यास अधिकाऱ्याला आयते निमित्त मिळते. आणि पत्र खुद्द कैद्याला लिहावयाचे असेल, तर त्याच्या खटल्याविषयी अवाक्षरही काढू नये. हवापाणी, शेतीवाडी, मुलांची शाळा असे काहीही लिहावे. कारण ते पत्र त्याच्या आधी तुरुंगाधिकारी वाचणार असतो.