मेल टाकण्याआधी विचारलंत का?

नंदनवनातल्या एखाद्या रूमवर दोघा-तिघांनी मिळून सॉफ्टवेअर बनवलं, की पहिला विचार येतो, "चला, हजार जणांना मेल टाकू!" पण जरा थांबा. मेल कुठल्या देशात जाणार, त्यावर नियम बदलतो.

अमेरिकेत 2003 चा 'कॅन-स्पॅम' कायदा आहे. तिथे आधी परवानगी लागत नाही. मात्र विषयाची ओळ फसवी नको, पाठवणाऱ्याचा टपालाचा पत्ता हवा आणि कुणी 'नको' म्हटलं की कामकाजाच्या 10 दिवसांत त्याला मेल बंद!

कॅनडात उलटं. 1 जुलै 2014 पासून आधी संमती, मग मेल. गंमत म्हणजे संमती मागणारा मेलसुद्धा जाहिरातीचाच धरतात. दंड व्यक्तीला 10 लाख, तर संस्थेला 1 कोटी कॅनेडियन डॉलरपर्यंत. मेल नागपुरातून गेला, तरी कॅनडात उघडला की हा कायदा लागू.

युरोपातही संमती लागते. आधीच्या ग्राहकाला तशाच वस्तूची माहिती देण्यापुरती सूट आहे. आधीच टिक केलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे.

आणि आपल्याकडे? 'ट्राय'चे 2018 चे नियम फोन-एसएमएसचे, ईमेलचे नाहीत. 2023 चा डेटा संरक्षण कायदा मात्र स्पष्ट संमती मागतो, आणि ती देणं जितकं सोपं, तितकंच मागे घेणंही सोपं हवं, असं सांगतो. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले. संमतीच्या कलमांना 18 महिन्यांची मुदत दिली.

तेव्हा मंडळी, पत्त्यांची यादी विकत घेऊ नका, माजी विद्यार्थ्यांच्या डिरेक्टरीतून उचलूही नका. सरळ विचारा. 'हो' म्हणणारे पन्नासच निघाले तरी चालतील, ते मेल वाचतील तरी!