मांजराच्या ताटात काय पडतं?

डिसेंबर २०२४मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावला. भोपाळच्या प्रयोगशाळेतून अहवाल आला: एच५एन१, म्हणजेच बर्ड फ्लू. पाठोपाठ नागपूरला लागून असलेल्या छिंदवाड्यात घरच्या मांजरांमध्येही हाच विषाणू सापडला. आधी वाघ, मग वाघाची मावशी!

बेलवलीकरांना हे फार लांबचं वाटेल. पण फेब्रुवारी २०२२मध्ये आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत, कोंबड्या याच आजाराने मेल्या होत्या. चिकनच्या दुकानापुढे ताटकळणाऱ्या मांजरांना आतडी, कातडी कच्चीच टाकली जाते. नीट शिजवलेल्या मांसात विषाणू टिकत नाही, कच्च्यात टिकू शकतो. मांजराकडून माणसाला फ्लू होणं अत्यंत दुर्मीळ असलं तरी अशक्य नाही. २०१६मध्ये न्यूयॉर्कच्या एका निवाऱ्यातल्या मांजरांत एच७एन२ हा बर्ड फ्लूचाच दुसरा प्रकार पसरला, तेव्हा त्यांना हाताळणाऱ्या पशुवैद्यकालाही तो झाला. आजार सौम्य होता.

आपल्याकडे धाक मात्र मांजराच्या केसांचा. घरात कुणाला दिवस गेले, की पहिलं गाठोडं मांजराचं बांधलं जातं. यात तथ्य आहे ते टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीपुरतं, आणि तो केसांत नसतो, विष्ठेत असतो. उंदीर किंवा कच्चं मांस खाऊन लागण झालेलं मांजर साधारण एक ते तीन आठवडे त्याची अंडीसदृश बीजं बाहेर टाकतं, तेही बहुधा आयुष्यात एकदाच. ही बीजं बाहेर पडल्यावर घातक व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून मांजराच्या विष्ठेचा ट्रे रोज साफ करायचा आणि ते काम गरोदर बाईने न करता दुसऱ्या कुणीतरी करायचं. अर्धकच्चं मटण आणि न धुतलेली भाजी यांतूनही हाच परजीवी पोटात जातो. त्यांना कुणी घराबाहेर काढत नाही.

गजकर्ण मात्र खरोखर मांजराच्या अंगावरून येतं, विशेषतः पिल्लांच्या. त्रासदायक, पण मलमाने बरं होणारं.

खरी हयगय होते ती रेबीजच्या बाबतीत. कुत्रा चावला की लोक धावत दवाखाना गाठतात. मांजराने दात लावला तर हळद चेपतात. भारतात रेबीज मुख्यतः कुत्र्यांमुळे होतो हे खरं, पण बाधित मांजराच्या लाळेतही तोच विषाणू असतो आणि लक्षणं दिसू लागल्यावर रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुऊन त्याच दिवशी लस सुरू करावी लागते. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडं) द्यावं लागतं.

‘आमच्या मनीला सगळ्या लशी दिल्यात,’ असं सांगणाऱ्यांनी तिचं कार्ड एकदा उघडून बघावं. मांजरांची नेहमीची तीन आजारांवरची एकत्रित लस ज्या विषाणूंवर चालते, ते माणसाला होतच नाहीत. रेबीजचं इंजेक्शन वेगळं असतं. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की ते देतात.