बेदाणा आणि पूर्व सांगलीची हवा

‘बेदाणा’ हा शब्द मूळचा फारसी. ‘बे’ म्हणजे विना व ‘दाणा’ म्हणजे बी. तासगावच्या परिसरात या धंद्याने जे मूळ धरले, त्याचे मुख्य कारण तेथील हवा होय. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील हा प्रदेश फेब्रुवारी ते एप्रिल या काळात उष्ण व कोरडा असतो. पोटॅशियम कार्बोनेट व इथिल ओलिएट यांच्या द्रावणात द्राक्षे बुडविली, की सालीवरील मेणाचा थर विरळ होतो. मग सावलीत, जाळीच्या रॅकवर, ती सुमारे पंधरवड्यात सुकतात. इंधनाचा खर्च नाही, ही सोय लहान नव्हे. चार किलो द्राक्षांचा साधारणपणे एक किलो बेदाणा होतो. परंतु मार्चात अवकाळी पाऊस आला, की माल काळवंडतो व भाव कोसळतो. छप्पर सर अडविते. दमट हवा त्यास अडविता येत नाही.